आत्याचं पालुपद

माझ्या आत्याला दिवसभर बोलायला चार-पाच वाक्यं पुरायची. फक्त आत्या ती जपून वापरत नसे. "दार लोटलं का?" "पाणी झाकलं का?" "वासरू बांधलं का आधी?" हे ती सकाळी विचारायची, दुपारी विचारायची, आणि उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारायची, कारण उत्तरासाठी ती विचारतच नव्हती. दार तिनं स्वतःच्या हातानं लोटलेलं असलं तरी विचारायची. राजुरीच्या आमच्या घरात तिचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा चालू असे, आणि पाटाच्या पाण्याकडं कुणी कान देऊन बसत नाही, तसंच तिच्याकडंही कुणी बसत नसे.

कान देणारा एकच माणूस घरात आला आणि तिथंच घोटाळा झाला. ते माझे थोरले काका, म्हणजे आत्याचे पाठचे भाऊ. पलटणीत सुभेदार होऊन, छातीवर बिल्ले आणि पोटात अल्सर घेऊन ते पेन्शनीत आले, आणि घराचा कारभार त्यांनी आल्या दिवशी ताब्यात घेतला. काकांना कुठलीही गोष्ट एकदा सांगायची आणि एकदाच ऐकायची सवय. वर जिचा उपयोग लगेच दिसत नाही ती वस्तू त्यांच्या लेखी फालतू. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा त्यांनी उतरवून खुंटीला लावल्या, कारण आवाजानं नांगर ओढला जात नाही. पत्रातलं 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' त्यांनी छाटून टाकलं. पुण्याला माझ्या वडिलांना त्यांचं कार्ड यायचं ते "पोचलो. ठीक." एवढंच. कार्ड वाचलं की आई घाबरून विचारायची, पुढचं कुणी पुसलं का.

ही साफसफाई अशीच चालू राहिली तर कधी ना कधी आत्यावर येणार, हे मला त्या उन्हाळ्यात दिसायला लागलं. आत्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी आलेली. मूलबाळ नाही, शेतीत वाटा नाही. स्वयंपाक काकू करायची, धारा गडी काढायचा, आणि आत्या त्या सगळ्यांना विचारत फिरायची. घरात तिचं नेमकं काम काय, असं कुणी उभं करून विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. आणि काका तर तेच विचारण्याच्या तयारीत होते.

मी तेव्हा पुण्याला बी.एस्सी. करत होते, वनस्पतिशास्त्र घेऊन. पन्नास सालानंतरचा काळ. आमच्या भागातल्या मुलीनं पानाफुलांचा अभ्यास करायला पुण्याला राहावं याचं गावाला हसू यायचं, कारण पानंफुलं तर इथं फुकट होती. त्या सुट्टीत कॉलेजातून एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक मिळाला होता. कांद्याच्या मुळांच्या टोकातली गुणसूत्रं रंगवून त्यांची चित्रं काढून आणायची, असं काम आमच्या सरांनी दिलं होतं. कांदा घेतला कारण त्याची गुणसूत्रं मोठी आणि थोडी, नवशिक्याला दिसणारी. आणि राजुरीत कांद्याला काय तोटा.

सर शिकवायला फार चांगले, पण त्यांचा एक हट्ट होता. रंग लावल्यावर गुणसूत्रांच्या टोकांना आणि पेशीच्या केंद्रकात इथं-तिथं गडद ठिपके दिसतात. बाकीचा भाग फिका आणि ठिपका मात्र काजळ लावल्यासारखा. सर म्हणायचे, ते निष्क्रिय द्रव्य आहे, त्यात गुण नाहीत, त्याचा आनुवंशिकतेशी संबंध नाही, चित्रात ते काढून कागद काळे करू नका. मी पहिल्या चित्रात ठिपके काढले तर त्यांनी खोडरबर मागवला. दुसऱ्या चित्रात मी ते जरा बारीक काढले. त्यांनी पुन्हा खोडरबर मागवला. दिसतं ते काढायचं नाही, हे मला पटत नव्हतं, आणि न पटलेलं निमूट करायचं वळण मला कुणी लावलेलं नव्हतं.

तर मी राजुरीत पोचले ती कांदा काढणीच्या ऐन गडबडीत. उपटलेला कांदा पातीसकट वाळला की बायका ओळीनं बसून विळ्यानं पात कापतात. पात कापताना कांद्याच्या डोक्यावर दोन बोटं मान ठेवायची असते. ती मान पुढं वाळते, पिळवटते आणि पोत्याचं तोंड आवळावं तसं कांद्याचं तोंड बंद होतं. मग तो बराखीत, म्हणजे कुडाच्या लांबट चाळीत, पार दिवाळीपर्यंत टिकतो. मान बोडकी कापली की कांदा उघडा पडतो आणि वरून सडायला लागतो. ही काही विद्या नव्हे. आमच्याकडच्या पोरींना हे परकरात असल्यापासून ठाऊक असतं.

तरीही आत्या ओळीच्या टोकाला बसून दिवसभर एकच सांगायची. "मान ठेव गं. मान ठेव. दोन बोटं मान ठेव." बायका हसायच्या. तिनं तोंड उघडायच्या आत एखादी तिच्याच आवाजात "मान ठेव गं" म्हणायची आणि सगळी ओळ खिदळायची, त्यात आत्याही. हसून झालं की पुन्हा, मान ठेव गं.

काका लिंबाखाली बाजेवर बसून हे ऐकत होते. दुपारपर्यंत त्यांनी दम धरला.

"आक्का, या बायांना ठावं न्हाई का मान ठेवायची?"

"हाय की ठावं."

"मग सांगतीस कशापाई?"

"सांगाय लागतं."

"आगं पण का?"

"सांगाय लागतं म्हणून."

पलटणीत असं उत्तर देणाऱ्याला काय शिक्षा होते मला माहीत नाही. इथं मात्र दुसऱ्या दिवशी जेवताना काकांनी हुकूम काढला. आत्यानं घाटघरला दिराकडं जावं. हवा चांगली आहे, भाताचे राब भाजायचे दिवस आहेत, त्यांनाही माणूस पाहिजे. काकूनं हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवली. मी विचारलं, किती दिवसांसाठी? काकांनी माझ्याकडं न बघता गड्याला सांगितलं, "आक्काची पेटी बी गाडीत ठेव."

पेटी म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. चार दिवसांसाठी कुणी पेटी नेत नाही. आत्या रडली नाही, भांडली नाही. ती फक्त गाडीत बसताना काकूला म्हणाली, "पाणी झाकत जा," आणि गाडी वळणावर गेली तरी तिचं मागं वळून काहीतरी सांगणं चालूच होतं. मला काकांचा असा राग आला की त्यांच्या हातचं पाणी घेऊ नये असं वाटलं. सुभेदाराशी समोरासमोर लढण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी गनिमी कावा केला. त्यांच्या कँटीनच्या रमच्या रिकाम्या बाटल्या माळ्यावर नीट मांडून ठेवलेल्या असत. त्या मी खाली काढल्या, पाण्यानं भरल्या, प्रत्येकीच्या तोंडावर एकेक कांदा बसवला आणि त्यांच्या बाजेसमोरच्या खिडकीत ओळीनं उभ्या केल्या. आल्यागेल्याला पहिल्यांदा त्या बाटल्याच दिसायच्या. गावात बोलवा झाली की सुभेदार हल्ली कांद्यासंगं घेतात.

काका चिडले, पण शिक्षणाचं काम म्हटल्यावर त्यांना बाटल्या हलवता येईनात. सरकारी कामाबद्दल त्यांना आदर होता आणि कॉलेज त्यांना सरकारीच वाटायचं. मी रोज सकाळी कोवळ्या मुळांची टोकं कापायची, व्हिनेगरसारख्या आंबट वासाच्या लाल रंगात घालून दिव्यावर कोमट करायची, काचेवर ठेवून आगकाडीच्या मागच्या टोकानं हलकेच ठोकायची आणि टीपकागदाखाली अंगठ्यानं दाबायची. घरभर वास सुटायचा. अखेर एका सकाळी काकांना राहवलं नाही. ते येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बघू."

मी त्यांना एक डोळा मिटायला सांगितलं. नेमबाजीमुळं ते त्यांना छान जमलं. बराच वेळ ते बघत राहिले. पेशीच्या मधोमध गुणसूत्रं जोडीनं उभी राहून दोन्ही बाजूंना ओढली जात होती, त्याच क्षणी रंगात थिजलेली.

"कवायत चाललीया," काका म्हणाले. ते खूश झाले होते. "वढतंय कोण ह्यांना?"

"बारीक तंतू असतात. दिसत नाहीत."

"आन् हे काळं काय?"

आता माझी पंचाईत झाली. मी म्हणाले, "आमचे सर म्हणतात, तो भाग फालतू आहे."

"मग ठेवलाय कशाला? काढून टाकायचा."

"कुणी काढायचा काका? तो कांद्यानंच ठेवलाय."

काकांनी दुसरा डोळा उघडला. कांद्यासारख्या शहाण्या पिकानं आपल्या अंगात फालतू भाग बाळगावा, हे त्यांना मानवलं नाही. ते सरांच्या बाजूनं होते की कांद्याच्या, ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. ते बाजेवर जाऊन बसले आणि त्यांनी पेपर उघडला.

इकडं पातीची कापणी पुढं चालली होती, आणि आता ती कशी गुपचूप चालली होती. पहिल्या दिवशी सगळ्या कांद्यांना दोन बोटं मान होती. मग दीड झाली. मुद्दाम कुणी करत नव्हतं. विळा खाली खाली घसरतो, हाताला ते सोपं पडतं. एका बाईचा ढीग बोडका झाला, तर तो पाहून काका म्हणाले, "ह्याला म्हणायचं काम. कसा गुळगुळीत दिसतोय." साहेबच खूश म्हटल्यावर बाकीच्यांनीही हात खाली घेतला. ज्या बायकांना मान ठेवायची हे उभ्या जन्माचं ठाऊक होतं, त्यांनीच पलटणीतल्या जवानासारखे कांदे भादरले. त्यांना विचारलं असतं तर मान किती ठेवायची हे त्यांनी बिनचूक सांगितलं असतं. पण कापता कापता ते कानावर पडत नव्हतं. मी खिडकीत बसून गुणसूत्रं बघत होते आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही.

बराख भरली. काही आठवड्यांनी वास यायला लागला. काकूनं पहिल्यांदा माझ्या बाटल्यांवर संशय घेतला, आणि तो रास्तच होता, पण बाटल्या घासून झाल्या तरी वास होताच. मग जुन्नरहून व्यापारी आले. पेठेतले हे मुसलमान गृहस्थ आमच्या आजोबांपासून आमचा कांदा उचलायचे, फार सावकाश बोलायचे. त्यांनी बराखीत वाकून एक कांदा उचलला आणि डोक्यावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्यांनी तो कांदा हळूच जिथला तिथं ठेवला, रुमालाला हात पुसला, दुसरा उचलला, तोही ठेवला. चहा घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "सुभेदारसाहेब, या खेपेला आत्याबाईंचा आवाज नाही आला?"

काका म्हणाले, "गावाला गेली." ते मान खाली घालून म्हणाले. मी त्यांना मान खाली घालताना पहिल्यांदाच पाहिलं आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं.

पुढची गोष्ट सांगण्याआधी त्या काळ्या ठिपक्यांचं सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. बऱ्याच वर्षांनी, मीच शिकवायला लागल्यावर, त्या ठिपक्यांत काय असतं ते माझ्या वाचनात आलं. तिथल्या डीएनएत एकच लहानसा तुकडा असतो आणि तोच पुन्हा पुन्हा, हजारो वेळा लिहिलेला असतो. त्यात निरोप नाही. त्यावरून पात हिरवी होत नाही की कांदा तिखट होत नाही. सरांचं तेवढं खरं होतं. पण पेशी दुभंगताना तंतू गुणसूत्राला धरतात ते बहुतेक जीवांत असल्याच पालुपदाच्या जागी धरतात. ती जागा बिघडली की ओढाओढीत गुणसूत्र भलत्याच घरी जातं किंवा वाटेत हरवतं, आणि त्याच्यावरचं सगळं शहाणपण त्याच्याबरोबर जातं. टोकांनाही तेच. तिथल्या त्याच त्या मजकुरानं टोक राखलं जातं. टोक उघडं पडलं की गुणसूत्र झिजतं, दुसऱ्याला चिकटतं, तुटतं. आणि कांद्याच्या पेशीत माणसाच्या कितीतरी पट डीएनए आहे, त्यातला बराचसा असा तेच तेच सांगणारा. याचा अर्थ प्रत्येक तुकड्याचा उपयोग सापडलाय असा नाही. काही नुसतेच आलेले आहेत आणि राहिलेले आहेत. हे वाचताना मी वाचनालयात इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या बाईंनी पुस्तक उचलून जागा बदलली. सरांना कळवावं असं फार वाटलं, पण सर तोवर गेले होते, आणि खोडरबर मागवायला आता मीच उरले होते.

असो. व्यापारी गेल्यावर काकांनी दोन दिवस बायका लावून बराख उपसली, सडका कांदा निवडून उकिरड्यावर टाकला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोट घातला आणि मला म्हणाले, "चल. घाटघरची हवा चांगली हाय." मला कशाला नेलं ते मला तेव्हाच कळलं. एकट्यानं तोंड दाखवायची त्यांची छाती नव्हती.

जुन्नरपर्यंत एस.टी.नं आणि पुढं बैलगाडीनं आम्ही गेलो. घाटघरला पोचलो तेव्हा आत्या दिराच्या अंगणात बसून सुपात भाताचं बियाणं निवडत होती. आम्हाला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही. "पाणी दे गं पावण्यांना," ती आत बघून म्हणाली. सख्ख्या भावाला पावणा म्हटल्यावर काका जे समजायचं ते समजले. खांबाला टेकून बसले, पाणी प्याले, एस.टी.ला गर्दी लई व्हती म्हणाले, औंदा पाऊस लवकर येईल म्हणाले. आत्या हं हं करत राहिली.

"कांदा कसा हाय?" तिनं विचारलं.

"बरा हाय," काका म्हणाले. मी डोंगराकडं बघत राहिले.

आत्यानं सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला.

"आक्का, घरी चल."

"कशाला? काय काम काढलंस?"

काकांनी तोंड उघडलं. मला दिसत होतं, ते काम शोधत होते. स्वयंपाक काकू करते, धारा गडी काढतो. कापणी संपली होती, बराख अर्धी रिकामी होती. कांद्याचं नाव घ्यावं तर आत्ताच बरा हाय म्हणून बसले होते. काकूची तब्येत बिघडलीय म्हणून थाप मारता आली असती, आणि एक क्षण ते ती मारणार असं मला वाटलं. सैन्यात इतकी वर्षं घालवलेला माणूस एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बहिणीपुढं असा अडकून बसला होता.

"काम काय न्हाई," काका अखेर म्हणाले. "तू नुसती अस."

आत्याचा हात सुपात थांबला. तिचा दीर दारात येऊन उभा होता, तो आत निघून गेला. मला वाटलं, आता ती रडणार. पण आत्या ती आत्याच. तिनं पदर कानामागं सारला, मान जरा तिरकी केली आणि विचारलं, "काय म्हणालास? आईकू न्हाई आलं."

तिच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. माडीवर कुणी कूस बदललेली तिला खाली ऐकू यायची.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुळीच मदत केली नाही.

"म्हणालो, काम काय न्हाई. नुसती अस."

"मोठ्यानं बोल की. वाऱ्यात जातंय समदं."

अंगणात वारा नव्हता. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज मधेच फुटला, त्यांना वाक्य पुरं करता येईना, आणि तेव्हा कुठं आत्यानं सूप बाजूला ठेवलं.